रात्री कोण चालवते जी?

तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. २०१२ ते २०१४ या काळात ते एकामागून एक सुरू झाले. वैनगंगेचं पाणी, रेल्वेनं येणारा कोळसा आणि तिथून निघून कोराडी-अकोल्यावरून थेट औरंगाबादेपर्यंत जाणारी ७६५ केव्हीची वाहिनी, असा सगळा मोठा कारभार. त्याच तिरोडा तालुक्यातून चोरखमाऱ्याकडे निघालं की नागझिऱ्याचं फाटक लागतं. फाटकाच्या आत विजेची तार नाही. तळ्याकाठच्या 'निलय'मध्ये किंवा 'लताकुंज', 'मधुकुंज'मध्ये उतरलेल्या माणसांनी आधी कंदिलावर आणि पुढे सौरदिव्यांवर रात्री काढल्या. १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तरी तार आत आली नाही. जंगलावर जीव असलेल्या कोणाला ती यावी असंही वाटत नाही. विदर्भात जिवंत तारेची आणि वाघाची गाठ पडते तेव्हा काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ साली नागभीडकडे असाच तारेला लागून मेला.

३३०० मेगावॅट आणि शून्य यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं महाविद्यालय आहे. मी तिथल्या संगणक प्रयोगशाळा सांभाळते. कागदावर माझं काम यंत्रं चालू ठेवण्याचं. गेली काही वर्षं मी जास्त डोकं खपवलं आहे ते यंत्रं बंद कशी राहतील यावर.

याची सुरुवात तशी सरकारी पद्धतीनंच झाली. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकचा सातवा निकष संस्थेच्या मूल्यांचा आणि उत्तम उपक्रमांचा होता. त्यात ऊर्जाबचतीसाठी काय केलं ते दाखवावं लागायचं. त्यामुळे समिती बसली, १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाला भित्तिपत्रकांची स्पर्धा झाली, बक्षीस मिळालेल्या भित्तिपत्रकाचा फ्लेक्स फाटकावर चढला आणि प्रत्येक बोर्डावर 'गरज नसताना बंद करा' असं हिरवं स्टिकर लागलं. सगळ्याचे फोटो निघाले. रात्री नऊला आवारात चक्कर मारली तर खिडक्यांच्या काचांवर तोच निळसर उजेड. लॅबमध्ये, ग्रंथालयात, कार्यालयात, पाठ फिरवून बसलेली चालू यंत्रं. स्टिकरवाल्यांचा राग येत नाही. त्यांना फोटो हवे होते, ते मिळाले. छपरावरच्या सौर पॅनेलचाही फोटो छान येतो. तीस मिनिटांनी झोपी जाणाऱ्या संगणकाचा फोटो कसा काढणार? म्हणून अहवालांतून तो बहुतेक वेळा गायबच असतो.

मी सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा वॅटमीटर मागवला आणि लॅबभर फिरवला. जुना डेस्कटॉप नुसता चालू, कोणी हातही न लावलेला, तरी साठ वॅटच्या आसपास खातो. त्याचा एलसीडी पडदा आणखी वीस-पंचवीस. भांडारात एक काचेचा जुना मॉनिटर होता, त्याचा आकडा सत्तरच्या पुढे. यंत्र झोपवलं की हेच सगळं दोन-तीन वॅटवर येतं. स्क्रीनसेव्हरबद्दल आमच्याकडे मोठी श्रद्धा होती. नावात 'सेव्हर' आहे म्हणजे काहीतरी वाचत असणार, असा सरळ हिशोब. काचेच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग बसायचा, म्हणून ती सोय निघाली. विजेशी तिचा संबंध नव्हता. पाइपांची त्रिमित जाळी विणणारा स्क्रीनसेव्हर लावून मुलांना मीटर दाखवला, तर आकडा उतरायचा सोडून चढला. त्या दिवशी वर्गात जेवढं शिकवून झालं तेवढं एरवी आठवडाभरात होत नाही.

हिशोब फळ्यावर मांडला. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ म्हणजे चौदा तास. साठ वॅट गुणिले चौदा, म्हणजे एका यंत्रामागे रात्रीचं पाऊण युनिटहून थोडं जास्त. अशी शंभर यंत्रं धरली तर रात्रीचे ८४ युनिट, तेही पडदे सोडून. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे आपल्याकडच्या धानाच्या पोत्याच्या तोलाचा कोळसा, रोज रात्री, कोणीही काहीही न करता. मुलं गप्प झाली. तिरोड्याच्या एका मुलानं वही मिटली आणि म्हणाला, "मॅडम, हे तं आमच्याच घराजवळ जळते."

तरीही यंत्रं बंद होईनात. सांगून पाहिलं, परिपत्रक काढून पाहिलं. दोन हुशार पोरांनी रात्री नऊला चालू असलेल्या यंत्रांची यादी आपोआप काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि ती यादी खोलीच्या नंबरासकट नोटीस बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जे वातावरण झालं त्यानं मी ती यादी उतरवून घेतली. चारचौघांत नाव लागलं की माणूस यंत्र बंद करत नाही, यादी करणाऱ्याशी बोलणं बंद करतो.

त्याच हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर जंगलाला लागून असलेल्या एका गावात होतं. परवानगी काढून एका सकाळी मुलांना वनविभागाच्या संरक्षण कुटीवर नेलं. दोन खोल्या, बाहेर हातपंप, छपरावर एक सौर पॅनेल, आत एक बॅटरी. त्या एका बॅटरीवर दिवा, बिनतारी संच, टॉर्च आणि गस्तीचे मोबाईल. तिथल्या वनरक्षक ताई वयानं माझ्याहून लहान होत्या, पण विजेच्या हिशोबात आमच्या अख्ख्या विभागाला शिकवतील अशा. कोणती वस्तू किती वाजता चार्जिंगला लावायची याचा क्रम त्यांच्या तोंडपाठ होता. आधी बिनतारी संच, मग मोबाईल, टॉर्च ऊन डोक्यावर आल्यावर. ढगाळ दिवस असेल तर दिव्याला कात्री, संचाला नाही.

गस्तीत त्यांच्या मोबाईलवर 'एम-स्ट्राइप्स' चालतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची ही यंत्रणा २०१० पासूनची. वनरक्षक कुठून कुठे चालला, कुठे पगमार्क दिसला, कुठे विष्ठा, सगळी नोंद जीपीएससकट होते. दिवसभर जीपीएस चालू ठेवायचं म्हणजे फोनची बॅटरी दुपारीच संपायला हवी. त्यांची संध्याकाळपर्यंत पुरत होती. कसं, म्हणून विचारलं.

"नेटवर्क ढुंढता ढुंढता मोबाईल मरते जी मॅडम," त्या म्हणाल्या. "इथं टावर नाही, तं तो ढुंढतच राहते. म्हणून आमी एरोप्लेन मोडवर टाकून देतो. जीपीएस तं वरून येते, त्याले टावर कायले लागते?"

पडद्याचा उजेड किमान, ब्लूटूथ बंद, माहिती चढवायची ती रेंज ऑफिसला गेल्यावर. एखाद्या विद्यापीठात यावर कार्यशाळा झाली असती, दुपारच्या जेवणासह.

मग त्यांनी कॅमेरा ट्रॅप दाखवला. मुलांना वाटलं होतं तो सतत चित्रण करत असेल. तो जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. जाग असते ती फक्त एका छोट्या संवेदकाला, समोरून उष्ण अंगाचं काही हललं की ओळखणाऱ्या. प्राणी आला की कॅमेरा क्षणार्धात उठतो, फोटो काढतो, वेळ-तारीख नोंदवतो आणि परत झोपतो. म्हणून टॉर्चला लागतात तसल्या साध्या सेलवर तो आठवडेच्या आठवडे झाडाला बांधून राहू शकतो. वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावावा लागतो. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एवढा मोठा संगणकीय उद्योग, आणि त्याचं टोक जंगलात पेन्सिल सेलवर डुलक्या घेत उभं.

सॅटेलाइट कॉलरचंही हेच. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. अशा कॉलरनं ठिकाण किती वेळानं कळवावं हे आधी ठरवावं लागतं. दर थोड्या मिनिटांनी कळवायला लावलं तर वाघिणीची हालचाल बारकाईनं कळते पण बॅटरी लवकर संपते. कॉलर बदलायची तर पुन्हा बेशुद्ध करण्याचा धोका. तिथे ऊर्जाबचत ही मूल्यशिक्षणाची गोष्ट राहत नाही. कामाचाच भाग असते.

बोलता बोलता आमच्यातल्या एकीनं कौतुकानं सांगितलं, की आमच्या कॉलेजात एवढे कंप्युटर आहेत आणि ते रात्रभर चालू असतात. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"रात्री कोण चालवते जी?"

मी अपडेट, अँटिव्हायरस असं काहीतरी सांगू लागले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्या बॅटरीची एक सैल झालेली वायर बघायला वाकल्या होत्या.

परत आल्यावर मी तोच प्रश्न जरा वळवून आमच्या परिचर काकांना विचारला. "काका, रात्री बंद का नाही करत?" इतक्या परिपत्रकांनंतर हे त्यांना सरळ कोणी विचारलंच नव्हतं. ते मला लॅब दोनमध्ये घेऊन गेले, भिंतीवरचा बोर्ड पाडला, परत चालू केला आणि एक यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. तारीख १ जानेवारी २००९.

"असे चाळीस हायेत, मॅडम. आठ वाजता प्रॅक्टिकल. सकाळी सकाळी चाळीस एफ-वन कोन दाबते?"

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना यंत्राचं घड्याळ त्याच्यावर चालतं. काही वर्षांनी तो मरतो. नुसतं शट डाउन केलं आणि बोर्ड चालू ठेवला तर काही बिघडत नाही, कारण तेवढ्यापुरती वीज मिळत राहते. पण लॅबला कुलूप लावायचं म्हणजे बोर्ड पाडायचा, आणि बोर्ड पाडला की यंत्र आपली तारीख विसरतं. तारीख चुकली की ब्राउझर कुठल्याच संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही. विद्यापीठाचा परीक्षा अर्ज उघडत नाही. दाराशी मुलांची रांग लागते आणि शिव्या काकांना बसतात. यंत्रं रात्रभर जागी ठेवणं हा त्यांच्या बाजूनं अगदी चोख बंदोबस्त होता.

पुढे खोदत गेले तर खालचा थर भारनियमनाचा निघाला. विदर्भात दोन हजार पाच-सहापासून पुढची काही वर्षं ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको. लाइट कधी येईल आणि कधी जाईल याच्यावर अख्ख्या दिवसाची मांडणी असायची. काम चालू असताना लाइट गेली की फाइल गेली, कधी हार्डडिस्क गेली. त्या दिवसांत तयार झालेला नियम एकच: चालू आहे ना, मग हात लावू नका. भारनियमन आमच्याकडून गेलं, इन्व्हर्टर आणि यूपीएस आले, नियम मात्र भिंतीत मुरून राहिला. आम्ही ज्याला निष्काळजीपणा म्हणत होतो, तो टंचाईत शिकलेला सावधपणा होता. स्टिकर त्याच्याशी भांडू शकत नाही, कारण ते आळसाशी बोलतं आणि समोर बसलेली असते धास्ती.

म्हणून आधी सेल आणले. एकेक सेल वीस-तीस रुपयांचा. किरकोळ खर्चात बसवायला मात्र लेखा विभागानं अर्जावर अर्ज मागितले, कारण 'संगणक दुरुस्ती' म्हणावं तर ती वार्षिक देखभाल करारात, आणि करारात सेल नाहीत. शेवटी 'विद्युत साहित्य' या सदरात ट्यूबलाइटच्या चोकशेजारी त्यांची नोंद झाली. सुट्टीच्या दिवशी मुलांनी आणि काकांनी मिळून ते बदलले. त्या संध्याकाळी काकांनी लॅब दोनचा बोर्ड स्वतःहून पाडला. सकाळी यंत्रं मुकाट्यानं, बरोबर तारखेसह उठली. कुठलंही भाषण न होता झालेला हा आमच्या मोहिमेतला सर्वांत मोठा बदल.

दुसरं काम जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घालण्याचं. विजेत त्यानं थोडाच फरक पडतो, पण विंडोज सुरू व्हायला लागणारी तीन-चार मिनिटं अर्ध्या मिनिटावर आली, आणि यंत्र बंद करायला नको म्हणण्याचं कार्यालयातलं मुख्य कारणच गेलं. नवी यंत्रं घ्या, ती कमी वीज खातात, असा सल्ला पुरवठादार देतातच. तो अर्धाच खरा. संगणक बनवतानाच त्याच्या आयुष्यातल्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्च झालेला असतो, लॅपटॉपच्या बाबतीत तर बहुतेक वेळा वापरापेक्षा जास्त. चालणारं यंत्र भंगारात घालून हिरवं प्रमाणपत्र मिळवणं मला पटत नाही. जी मरतात त्यांच्या जागी आम्ही आता छोटे, लॅपटॉपच्या धाटणीचे डेस्कटॉप मागतो. ते तेच काम दहा-पंधरा वॅटमध्ये करतात.

मग सर्व्हरवरून एक धोरण सगळ्या यंत्रांना लावलं: दहा मिनिटांत पडदा बंद, तीस मिनिटांत झोप. इथे खरी लढाई झाली. काही जुन्या यंत्रांना झोप सोसेना. "झोपलं तं उठतच नाही मॅडम, बेशुद्ध पडते," अशी तक्रार आली, आणि ती खरी होती. त्यांना झोपेतून काढून संध्याकाळी साडेसहाला सूचना देऊन थेट बंद करायचं ठरवलं. एका प्राध्यापकांचं कुठलंसं मोठं डाउनलोड मध्येच तुटलं. परीक्षा विभागानं विचारलं, निकालाचं काम चालू असताना यंत्र झोपलं तर जबाबदार कोण? रास्त प्रश्न. त्यांची यंत्रं परीक्षेच्या काळापुरती धोरणातून वगळली, आणि काळ संपल्यावर परत आत घ्यायची तारीख त्याच पत्रात लिहून घेतली. तारीख न लिहिलेली सवलत आमच्याकडे निवृत्तीपर्यंत टिकते. अपडेटचा मुद्दा वेक ऑन लॅननं सुटला: ठरल्या रात्री बोर्ड पाडायचा नाही; सर्व्हर यंत्रांना हाक मारून उठवतो, अपडेट देतो, परत झोपवतो. त्या ताईंना आता हे उत्तर देता आलं असतं.

यूपीएस आणि एसीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे माझं फारसं चाललं नाही. ऑनलाइन यूपीएस वीज आधी एकदिश करतो, मग परत प्रत्यावर्ती. दोन्ही वेळा थोडी उष्णता होऊन जाते, आणि भार कमी असताना ही गळती टक्केवारीत जास्त असते. मोठ्या यूपीएसवर रात्री दोन राउटर चालवायचे आणि त्याची उष्णता काढायला एसी लावायचा, असा आमचा उलटा संसार होता. राउटर छोट्या यूपीएसवर हलवले. एसीचं तापमान हा भावनिक विषय आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानं जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. रिमोट हातात आल्यावर आमच्याकडे ते १८ वर जातात आणि मुली ओढण्या गुंडाळून सी प्लस प्लस शिकतात. मे महिन्यातल्या गोंदियातून आत आलेल्या माणसाशी यावर वाद घालू नये.

यंदा प्रयोगशाळेत ग्राफिक्स कार्डवालं एक ताकदवान यंत्र आलं. मुलं त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करतात, आणि ते मात्र रात्रीही चालतं. त्यातल्या एकानं मला स्पष्ट विचारलं: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का, नवी मुंबईत एकामागून एक इमारती उभ्या राहताहेत, आपण चाळीस यंत्रं झोपवून काय मोठं करतो? जगाच्या आकड्यावर आपला ओरखडाही उठत नाही, हे मी मान्य केलं. मग त्याला त्याच्याच प्रयोगाचा मीटर वाचायला बसवलं. कॅमेरा ट्रॅपमध्ये उन्हात हललेल्या गवतानं निघालेले असंख्य रिकामे फोटो येतात. ते वेगळे काढणारा प्रोग्राम तो करत होता, गावातल्या गाई-बकऱ्यांच्या फोटोंवर. पूर्ण रात्रभराच्या प्रशिक्षणात शेवटच्या काही तासांनी अचूकतेत जवळजवळ काहीच भर पडत नव्हती. त्यानं सुधारणा थांबली की प्रशिक्षण थांबवणारी ओळ घातली. आता यंत्र मध्यरात्रीच्या आधीच मोकळं होतं, आणि पुढचा मुलगा रांगेत लवकर येतो. विजेपेक्षा या रांगेमुळेच ती ओळ बाकीच्यांनी उचलली.

अजून अडलंय ते मीटरवर. अख्ख्या आवाराला एकच मीटर, बिल लेखा विभागात येतं, भरलं जातं, फाइलला लागतं. कोणत्या इमारतीनं किती खाल्लं हे कोणालाच दिसत नाही. कुटीवरच्या ताईंना बॅटरीत किती उरलंय ते दाराशी उभं राहून कळतं; आम्हाला महिना उलटल्यावर, तेही सगळ्यांचं मिळून. प्रत्येक इमारतीला सबमीटर लावावा आणि त्याचा आकडा त्या इमारतीच्या दारात दिसावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. खरेदी समितीनं तीन दरपत्रकं मागवली. एक आलं आहे. दुसऱ्या पुरवठादाराचा काल फोन आला होता, सबमीटरबरोबर ऊर्जाबचतीची स्टिकरं फुकट देतो म्हणाला.